वीज गेली की रीफ टँकचा एलईडी दिवा पूर्ण तेजात अडकतो: तक्रार आणि भरपाईची मागणी

डोंबिवली (पूर्व)
18 सप्टेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 90 वॅटच्या रीफ एलईडी दिव्यातील सदोष नियंत्रक, अपुरी माहितीपुस्तिका व त्यामुळे झालेले नुकसान

महोदय/महोदया,

तुमच्या प्रतिनिधींशी फोनवर बोलून झाले, चॅटवर फोटो पाठवून झाले, व्हिडिओही पाठवून झाला. दर वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून तीच कहाणी. म्हणून आता सगळे एकदाच लेखी कळवत आहे. हे पत्र कृपया तांत्रिक विभागातल्या, दिव्याची आतली रचना ठाऊक असलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचवावे.

यंदा मार्चमध्ये तुमच्या संकेतस्थळावरून मी हा दिवा 14,800 रुपयांना घेतला. एक वर्षाची वॉरंटी आहे. तो माझ्या रीफ टँकवर, म्हणजे घरी प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, लावला आहे. टाकी लहान आहे: 60 सेंमी लांब, 30 रुंद, 30 उंच, म्हणजे साधारण 54 लिटर. आत मशरूम, झोआ, एक टोडस्टूल लेदर आणि केनिया ट्री एवढेच सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), शिवाय क्लाउनफिशची जोडी. दिवा पाण्यापासून 20 सेंमीवर टांगलेला. अ‍ॅपमध्ये वेळापत्रक लावले होते: सकाळी हळूहळू चढायचे, दुपारभर 20 टक्के, संध्याकाळी उतरायचे, एकूण नऊ तास. ऑगस्टपर्यंत सगळे सुरळीत होते. केनिया ट्रीला तर नवीन फांद्या फुटून त्या दगडावरून गळून दुसरीकडे रुजत होत्या.

गणपतीला आम्ही गावी, देवगडला होतो. माशांना खाणे घालायला आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी भरायला शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली होती. त्यांचा रात्री फोन आला, "अगं, तुमच्या हॉलमध्ये एवढा उजेड कसला? कालही रात्रभर होता, मला वाटलं कोणीतरी आलंय." आदल्या दिवशी दुपारी आमच्या भागात वीज गेली होती आणि थोड्या वेळाने परत आली होती. मी अ‍ॅप उघडले तर दिवा 'ऑफलाइन'. म्हणजे पेटलेला होता, पण माझ्या हातात नव्हता. शेवटी काकूंना प्लग काढायला सांगितले.

परत आल्यावर टाकीत जे दिसले त्याचे फोटो सोबत जोडले आहेत, पण एक गोष्ट शब्दांत सांगते, कारण तुमच्या प्रतिनिधीने तो फोटो बघून "पाण्याचे पॅरामीटर तपासा" असे उत्तर दिले होते. जांभळ्या मशरूमचा एक मोठा गुच्छ दगडाच्या कडेला आहे. त्यातल्या एका मशरूमचा अर्धा भाग वरच्या कपारीच्या सावलीत येतो. सावलीतला अर्धा भाग आजही गर्द जांभळा आहे. उजेडातला अर्धा दुधासारखा पांढरा पडला, कड आत वळली आणि तोंड उघडे राहिले. दोन्हींच्या मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे आणि कपारीच्या सावलीशी तंतोतंत जुळते. पाणी बिघडले असते तर ते एकाच प्राण्याचे अर्धे अंग बघून बिघडले नसते. क्षारता (खारटपणा) हजारी 35, तापमान 26 अंश, नायट्रेट नेहमीइतके. तरीही लेदरने पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडे) मिटून घेतले, झोआच्या वरच्या ओळी बंद झाल्या त्या अजून उघडलेल्या नाहीत, आणि माझ्या मते त्यातल्या निम्म्या आता उघडणारही नाहीत.

हे का झाले ते तुम्हाला सांगावे लागू नये, पण फोनवरचे संभाषण आठवून सांगते. कोरलच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि कोरलचे बरेचसे अन्न तेच तयार करते. प्रकाश झेपेना इतका वाढला की या शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणातून घातक ऑक्सिजन-रेणू तयार होऊ लागतात आणि कोरल शैवालाला बाहेर टाकते. रंग जातो तो त्यामुळे. मग ते उपाशी राहते.

आता आकडे. ठाण्याच्या एका मित्राकडून पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, म्हणजे 'पार', मोजणारे यंत्र) आणून मी मोजणी केली. टाकीच्या मध्यावर, पाण्याखाली 15 सेंमीवर, अ‍ॅपमधल्या 20 टक्क्यांना 85 आणि 100 टक्क्यांना 340 (मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद). माझ्या वेळापत्रकात नऊच्या नऊ तास 85 होते असे उदारपणे धरले, तरी कोरलला दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे 2.75 मोल प्रकाश मिळत होता. तुमच्या दिव्याने स्वतःच्या मर्जीने 340 चा उजेड चोवीस तास दिला तर होतात 29 मोलहून जास्त. दहापटीपेक्षा अधिक, आणि वर रात्र नाहीच.

दोष कुठे आहे तेही मी घरी तपासले. दिव्याचे बटण पटकन बंद-चालू केले तर वेळापत्रक टिकते. बटण बंद करून सावकाश दहापर्यंत आकडे म्हटले आणि मग चालू केले, की घड्याळ पुसले जाते, वाय-फायची जोडणी तुटते आणि दिवा 'डेमो मोड'मध्ये जातो. सगळे चॅनेल (एकेका रंगाच्या एलईडींचे गट) 100 टक्के, आणि कोणी पुन्हा फोन जोडेपर्यंत तसेच. हा खेळ दर वेळी हमखास होतो. व्हिडिओत तुम्हीही पाहू शकता. म्हणजे नियंत्रकात घड्याळ जिवंत ठेवणारी बटण-बॅटरी नाही, किंवा आहे ती काम करत नाही.

पण माझी मुख्य तक्रार बॅटरीची नाही. बॅटऱ्या संपतात, वाय-फाय जाते, हे समजू शकते. वेळ कळेनाशी झाल्यावर दिव्याने काय करावे हे तुमच्याकडे कोणीतरी बसून ठरवले आहे, आणि त्याने 'पूर्ण तेज' हे उत्तर निवडले आहे. गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला तर कट-आउट पडून गिझर बंद होतो, पाणी उकळत बसत नाही. कोरल दोन-चार दिवस अंधारात राहिले तर त्यांचे फारसे बिघडत नाही. शेवाळ मारायला किंवा औषधोपचार म्हणून हौशी लोक मुद्दामच टाकी काही दिवस अंधारात ठेवतात. तेवढेच दिवस भर उन्हासारख्या उजेडात मात्र ते मरतात. दुकानातल्या शोकेससाठी केलेली सोय घरच्या जिवंत टाकीवर तुम्ही तशीच ठेवून दिली आहे, तीही वीज जाणे ही रोजची गोष्ट असलेल्या देशात.

तुमच्या प्रतिनिधीचे म्हणणे, "दिवा यूपीएसवर लावायला हवा होता." पुस्तिकेच्या कोणत्या पानावर हे लिहिले आहे? मी सगळी पाने वाचली. 'आकर्षक शिमर इफेक्ट'वर दीड पान आहे, वीज जाण्यावर एक ओळही नाही. घरात इन्व्हर्टर आहे. त्यावर मी वेव्हमेकर लावला आहे, कारण वीज गेल्यावर पाणी हलते राहणे ही प्राण्यांची पहिली गरज असते, उजेड नव्हे.

दुसऱ्या प्रतिनिधीने सल्ला दिला की पांढरा कमी करून निळा 100 वर ठेवा, निळ्याने काही होत नाही. खात्री नसेल तर मोबाइलवर लक्स मोजून बघा. हा सल्ला तुमच्या नावाने आणखी कोणाला दिला जात असेल तर कृपया आजच थांबवा. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वांत तल्लख. 450 नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या चार टक्केसुद्धा दाद देत नाही. तुमच्या दिव्यातले रॉयल ब्लू एलईडी नेमके या 450 च्या आसपासचे आहेत. त्यामुळे निळा पूर्ण चढवला तरी खोली मंदच वाटते, मोबाइलही लहानसा आकडा दाखवतो, आणि कोरलमधले शैवाल मात्र हाच निळा सर्वांत आवडीने शोषते. समुद्रात खोल जाताना लाल रंग आधी विरतो आणि निळा टिकतो; हे प्राणी त्या निळ्यावरच जगायला तयार झालेले आहेत. 'निळ्याने काही होत नाही' हे वाक्य रीफचे दिवे विकणाऱ्या कंपनीच्या तोंडी शोभत नाही.

आता पुस्तिकेतली शिफारस. 'नॅनो टँकसाठी 40 ते 60 टक्के' असे छापले आहे (नॅनो म्हणजे माझ्यासारखी लहान टाकी). 50 टक्क्यांना मीटरवर 205 आले. मशरूम आणि झोआ 50 ते 100 मध्ये सुखाने राहतात. 200 च्या पुढचा उजेड लागतो तो अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण कोरलना. तुमची पुस्तिका प्रमाण मानून कोणी पहिल्या दिवसापासून 60 वर दिवा लावला तर त्याची टाकी पांढरी पडायला वीज जायचीही गरज नाही. शिवाय स्लायडर सरळ रेषेत चालत नाही: 100 ला 340 असेल तर 50 ला 170 यायला हवे, येतात 205. कोपऱ्यात मात्र 100 टक्क्यांनाही जेमतेम 95, म्हणजे भिंगांमुळे सगळा मारा मध्यावर. हे कोष्टक अर्ध्या पानात मावले असते. 30 सेंमी खोल टाकीत किती उंचीवरून, कोणत्या टक्क्याला, कुठे किती पार मिळतो एवढे छापले की ग्राहकाला मीटर उसना आणत हिंडावे लागणार नाही.

आणि सर्वांत त्रासदायक गोष्ट आत्ता कळली. अशक्त झालेल्या कोरलना सध्या 30-40 च्या आसपास ठेवून आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवत न्यायला हवे. पण स्लायडर 20 च्या खाली आणला की दिवा मंद होत नाही, फटकन विझतो. 85 च्या खाली तुमचा दिवा जाऊच शकत नाही. म्हणून सध्या मी खिडकीची डासांची जाळी कापून तिचे दोन थर टाकीवर अंथरले आहेत. त्याखाली मीटर 40 दाखवतो. चौदा हजारांच्या दिव्याचे मंद करण्याचे काम जाळी करते आहे. वाफेने ती ओली होते, त्यावर मिठाची पांढरी खरड जमते, ती दर दोन-तीन दिवसांनी धुवावी लागते.

जाता जाता अजून एक. खोक्यावर आणि अ‍ॅपमध्ये 'एसपीएस पॉवर' (एसपीएस म्हणजे बारीक पॉलिपचे कठीण कोरल) नावाचा तयार प्रोग्रॅम सर्वांत वर आहे, सोबत अ‍ॅक्रोपोराचे चित्र. भारतात सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बघायचे तर मालवणच्या समुद्रात, घरच्या टाकीत नव्हे. भारतात विकताना तुमचा पहिला प्रोग्रॅम सॉफ्ट कोरलसाठी हवा आणि तोच मूळ सेटिंग हवा. आपला ग्राहक घरात काय पाळू शकतो हे तुम्हाला ठाऊक नसावे, हे पटत नाही.

माझ्या मागण्या अशा: दिव्याची पूर्ण किंमत परत मिळावी, किंवा घड्याळ टिकवणारा आणि 20 टक्क्यांखालीही मंद होणारा दिवा बदलून मिळावा. मेलेल्या व पांढऱ्या पडलेल्या कोरलचे 6,500 रुपये भरून मिळावेत. खरेदीच्या पावत्या जोडल्या आहेत. ज्यांच्याकडे हा दिवा आहे त्या सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर सुधारून, वीज परतल्यावर दिवा शेवटचे वेळापत्रक पाळेल किंवा अगदी मंद निळ्यावर थांबेल अशी सोय करावी, आणि तोपर्यंत अ‍ॅपवरून सर्वांना इशारा द्यावा. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते. दिवाळीला पुन्हा घरे बंद होतील.

'वॉरंटीत जिवंत प्राणी येत नाहीत' हे उत्तर आधीच मिळाले आहे, तेव्हा ते परत पाठवू नये. मी वॉरंटीबद्दल बोलत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष उत्पादनामुळे इतर मालमत्तेचे झालेले नुकसान हे नुकसानच धरले आहे, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणे यासाठीही कलम 84 नुसार निर्माता जबाबदार ठरतो. खोक्यावर निर्माता म्हणून तुमचेच नाव आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही.

बदली दिवा किंवा रक्कम हाती येईपर्यंत हा दिवा मी परत देऊ शकत नाही, टाकीवर दुसरा दिवा नाही. तपासणीसाठी माणूस पाठवायचा असेल तर रविवारी किंवा इतर दिवशी संध्याकाळी सातनंतर पाठवावा. त्याला येताना पार मीटर घेऊन यायला सांगावे. मित्राचा मीटर मी परत केला आहे.

आपली,
ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक बिलाच्या जोडलेल्या प्रतीवर आहेत)