उपदेशाची तयारी घरोघरी होते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चर्चमधला उपदेश किती मिनिटांचा असावा यावर मंडळ्यांमध्ये वाद झाला की दोन्ही पक्षांची नजर घड्याळावरच असते. लांबलेल्या उपदेशाची एक जुनी हकिकत बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' अध्याय २० मध्ये आहे. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण गाढ झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पाळकांची थट्टा करायला हा प्रसंग हमखास सांगितला जातो, पण पौल लगेच खाली उतरला आणि त्याने त्या मुलाला कवटाळले, हे सांगायचे राहून जाते. त्याच अध्यायात इफिस येथील मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांचा, निरोप घेताना आपण चारचौघांत आणि घरोघरी शिकवले, असा हिशेब तो देतो. यातले 'घरोघरी' आज गळून पडले आहे, म्हणून हे पत्र.

मी काही वर्षे आमच्या मंडळीच्या कमिटीवर होतो. एका रविवारी आमच्या तरुण पाळकांनी बायबलमधील 'नीतिसूत्रे' या पुस्तकातील मुलांच्या शिक्षणाविषयीच्या वचनावर फार चांगला उपदेश केला. योग्य वळण लावले तर मूल वाट सोडत नाही, हे त्यांनी ठासून सांगितले. ज्यांचा मुलगा त्याच आठवड्यात भांडून घर सोडून गेला होता, ते पती-पत्नी तिसऱ्या बाकावर बसले होते आणि शेवटचे गीत सुरू होण्याआधीच ते उठून गेले. पाळकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. मला मात्र गुरुवारीच कळले होते, पण शनिवारच्या बैठकीत आम्ही त्यांच्याशी छपराची दुरुस्ती आणि जमाखर्च याखेरीज दुसरे काही बोललो नाही.

म्हणून सगळा दोष पाळकांच्या माथी मारणे मला पटत नाही. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात जण निवडायला सांगितले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांना वाहून घेतले. आपण नेमके उलट करतो आणि हिशेबाच्या वह्या पाळकांपुढेच ठेवतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील किडरमिन्स्टर येथे रिचर्ड बॅक्स्टर हे पाळक होते. सुमारे ८०० कुटुंबांच्या त्या परगण्यात वर्षभरात प्रत्येक कुटुंबाशी स्वतंत्र बोलणे व्हावे, म्हणून ते आणि त्यांचे सहायक आठवड्यातले दोन दिवस राखून ठेवत. दहा वर्षे उपदेश ऐकून ज्यांना काही उमगले नाही, त्यांतल्या काहींना अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्याने अधिक उमगले, असा अनुभव त्यांनी १६५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदवला आहे, आणि हे लिहिणारा माणूस स्वतः नावाजलेला उपदेशक होता.

घरभेट म्हणजे चहा, ठरावीक प्रार्थना आणि चपला घालणे एवढाच अर्थ उरला असेल, तर तीही नको. घरात कळलेली गोष्ट नाव गाळून का होईना, पण पुढच्या रविवारी उदाहरण म्हणून सांगणारे पाळकही मी पाहिले आहेत. अशा उपदेशानंतर त्या घराचे दार पुन्हा मनापासून उघडत नाही. घरी ऐकलेल्याने कोणते वचन निवडावे, कुठे थांबावे आणि आवाज कुठे खाली आणावा एवढे ठरले, तरी ती भेट कामी आली. प्रेषित पेत्राने मंडळीच्या वडिलांना कळपावर धनीपण करू नका, तर त्याला कित्ते व्हा, असे बजावले आहे, ते मला इथेही लागू वाटते.

तेव्हा कमिट्यांनी पाळकांच्या वार्षिक अहवालात उपासनांची संख्या आणि वर्गणी यांच्या आधी घरभेटींविषयी विचारावे आणि त्यासाठी आठवड्यातले दोन दिवस त्यांना बैठकांतून मोकळे करावे, ही विनंती. त्या पती-पत्नीकडे पाळक आणि मी दीड महिन्याने गेलो. उपदेशाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. मुलाचा फोन येतो का, एवढेच विचारले.

आपला विश्वासू,
एक वाचक