खोडलेल्या ओळीबद्दल आभार

आदरणीय समुपदेशक बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती नेऊन दिले असते तरी चालले असते, पण माझ्या मुलाला नावे ठेवली गेली ती चारचौघांत, तेव्हा आभारही चारचौघांतच मानावेत असे मला वाटले. तुमचे आणि शाळेचे नाव मात्र मुद्दाम घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही याची मला खात्री आहे.

मुलाने शाळेत जाणे सोडले तेव्हा तो आठवीत होता. गणवेश अंगावर चढला की त्याच्या पोटात कळ यायची आणि शाळेची वेळ टळली की तासाभरात तो ठणठणीत व्हायचा. रविवारी संध्याकाळपासूनच त्याचे तोंड उतरलेले असे. तपासण्यांत काही निघाले नाही, आणि मग निदान करण्याचा परवाना जणू ज्याला त्याला मिळाला. एका शिक्षकांनी स्टाफरूममध्ये, तो समोर उभा असताना, 'याची नाटकं चालली आहेत' असा शेरा मारला. वरिष्ठांना भेटायला गेलो, तर त्यांनी हजेरीपट उघडून टक्केवारी दाखवली आणि पुढच्या वर्गाचे काही सांगता येणार नाही, असे बजावले. बाहेरच्या एका तज्ज्ञांनी भरपूर फी घेऊन मोबाइल काढून घ्यायचा सल्ला दिला. या सर्वांपैकी एकानेही मुलाशी धड पाच मिनिटे बोलण्याची तसदी घेतली नव्हती. जे काही विचारायचे ते आम्हाला, आणि तेही त्याच्या डोक्यावरून, जणू तो त्या खोलीत नव्हताच.

म्हणून तुमची शाळेत नेमणूक झाल्याचे कळले तेव्हा, खरे सांगतो, मी फारशी आशा धरली नव्हती. पहिल्या भेटीत तुम्ही आम्हाला बाहेर बसवलेत आणि त्याला एकट्यालाच आत घेतलेत. त्याच्याशी बोलण्यापूर्वी तुम्ही त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितलीत, ती त्यानेच नंतर आम्हाला सांगितली: त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी त्याच्याशी वाईट वागत असेल, तर तुम्हाला ते मोठ्यांच्या कानावर घालावेच लागेल; बाकी सारे त्याच्या परवानगीने. बोलणे संपल्यावर, आई-बाबांना काय सांगणार आहात ते तुम्ही एका कागदावर लिहिलेत, कागद त्याच्यापुढे सरकवलात, पेन त्याच्या हाती दिलेत आणि म्हणालात, "यातले घरी कळायला नको असेल ते खोड."

त्याने एक ओळ खोडली. एवढी दाबून खोडली की कागद तिथे फाटायच्या बेताला आला होता. तुम्ही नवा, स्वच्छ कागद लिहून आमच्या हाती दिला असता तर आम्हाला पत्ताही लागला नसता. पण तुम्ही त्याच्या देखत तोच कागद दिलात. त्या ओळीत काय होते ते मला आजही माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. बापाच्या मनाला ते जड जाते, नाही असे नाही. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याविषयीचा एक निर्णय त्याने स्वतः घेतला होता आणि मोठ्या माणसांनी तो पाळला होता. त्या रात्री आपण होऊन तो म्हणाला, "बाईंकडे परत जाईन." त्याआधी शाळेशी संबंधित कोणत्याही गोष्टीबद्दल 'जाईन' हे त्याच्या तोंडून कधी आले होते, ते आठवतही नव्हते.

पुढचा तपशील इथे मांडत नाही. घरी राहिले की तेवढ्यापुरती सुटका होते, पण त्या सुटकेमुळेच भीती आणखी घट्ट होते, हे तुम्ही आम्हाला समजावलेत. म्हणून त्याला एकदम वर्गात न ढकलता आधी नुसते ग्रंथालय, मग एखादा तास, मग अर्धा दिवस, अशा बेताने आणलेत. एखाद्या दिवशी पाऊल मागे पडले तर त्याचा बोभाटा केला नाहीत.

मला विशेष वाटते ते हे, की तुम्ही केवळ त्याला दुरुस्त करायला निघाला नाहीत. धडा मोठ्याने वाचताना अडखळणाऱ्या मुलावर वर्ग हसतो आणि शिक्षक तिकडे काणाडोळा करतात, यात बदलायचे ते वर्गाने, हे तुम्ही शिक्षकांना पटवलेत. कुणाला दोषी ठरवून नव्हे, तर त्यांच्या तासाला मागे बसून, नंतर त्यांच्याशी बोलून. समुपदेशकाच्या खोलीत जाणाऱ्याकडे मुले बोट दाखवतात हे ओळखून तुम्ही मधल्या सुट्टीत स्वतःच व्हरांड्यात उभ्या राहू लागलात, म्हणजे तुमच्याशी बोलणे ही चर्चेची गोष्टच उरू नये. आता तिथे अभ्यासाच्या चिंतेपासून मैत्रिणीच्या अबोल्यापर्यंत सारे काही येते असे ऐकतो. ज्यांनी 'नाटकं' म्हटले होते, तेच शिक्षक हल्ली एखादे मूल गप्प झाले की तुमच्याकडे पाठवतात. त्यांनी माझ्या मुलाची क्षमा मागितलेली नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयातील साधारण सातांपैकी एका मुलाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. म्हणजे कोणत्याही भरलेल्या वर्गात अशी काही मुले बसलेली असणारच, आणि त्यांतली बहुतेक पोटदुखीसारखे लक्षात येणारे काही करतही नसतील. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, असे सुचवते. तुमच्या एकटीच्या वाट्याला अख्खी शाळा आहे. त्यात एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास तुमच्या गळ्यात पडतो आणि परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणही. रडत आलेले मूल तुमच्या खोलीला कुलूप पाहून परत गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. तुमचा प्रत्येक तास मोकळाच समजणाऱ्यांना या कामाची किंमत कळलेली नाही.

म्हणून पालकसभेत मी लेखी मागणी दिली आहे, की तुमच्यावर बदलीचे तास टाकू नयेत आणि आणखी एका समुपदेशकाची नेमणूक व्हावी. बऱ्याच पालकांनी त्यावर सह्या केल्या, आणि त्यांत अशीही काही नावे निघाली ज्यांची मुले तुमच्याकडे येतात हे आम्हाला ठाऊक नव्हते. व्यवस्थापनाचे उत्तर अजून आलेले नाही. त्यांच्यापुढे ठेवायला या पत्राचा उपयोग होणार असेल तर अवश्य ठेवा. मुलाने ते आधी वाचले आहे आणि यातले एक वाक्य त्याच्या सांगण्यावरून मी काढून टाकले आहे.

आपला ऋणी,
आठवीतल्या त्या मुलाचा बाबा