वहिनींच्या नावाची खोली नको, सुध्या

किसुमू (केनिया),
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज मिळाला. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण तू मध्येच तोडतोस आणि मग मी भलतंच काहीतरी कबूल करून बसतो. म्हणून पत्र.

पितृपंधरवड्यात वहिनींच्या नावाने काही करावं असं तुझ्या मनात आलं, सहा लाख बाजूला काढलेस, आणि तेही इस्लामपुरात नाही तर इथल्या पोरींसाठी. नातेवाईक काय म्हणाले असतील ते तू न सांगताही कळलं. ‘आपल्याकडचे गरीब संपले का?’ हे मलाही दर सुट्टीत ऐकावं लागतं. मी सांगतो, किसुमूजवळच्या चेमेलीलच्या उसावर आपली घरं उभी राहिली, मग देणंही तिथलंच लागतं. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी वाद घालायचं वय आपलं राहिलेलं नाही.

पण तुझा बेत, म्हणजे शाळेत एक वर्गखोली आणि दारावर संगमरवरी पाटी, हा मला पटलेला नाही. का नाही ते सविस्तर लिहितो. रागावलास तरी शेवटपर्यंत वाच.

इथे भिंतींसाठी पैसे मिळतात रे. मतदारसंघ विकास निधी २००३ पासून आहे, चर्च आहेत, क्लब आहेत, युरोपातून येणारे पाहुणे आहेत. भिंतीचा फोटो निघतो, फीत कापता येते. पगाराची फीत कशी कापणार? अहेरो गावाच्या पलीकडे एका शाळेत (नाव लिहीत नाही) परदेशातल्या देणगीदारांनी मुलींचं वसतिगृह बांधून दिलं. इमारत झकास, खिडक्यांना जाळ्या वगैरे. पण मेट्रनचा (मुलींवर देखरेख करणाऱ्या बाईचा) आणि रात्रीच्या राखणदाराचा पगार कुणी द्यायचा, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मेट्रन नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून मुली नाहीत. गेल्या खेपेला गेलो तेव्हा आत मक्याची पोती होती.

तू साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेला माणूस. लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडलं ते पोरांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून, इमारतीसाठी नव्हे. हे मी तुला सांगायला हवं का?

राष्ट्राध्यक्ष किबाकींनी २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं तेव्हा तू इथेच होतास. एका झटक्यात दहा लाखांवर मुलं शाळेत वाढली. पुढच्या वर्षी एल्डोरेटचे ८४ वर्षांचे मारुगे आजोबा अर्धी चड्डी घालून पहिलीत बसले, तो पेपरातला फोटो वहिनींनी कापून ठेवला होता. म्हणजे पहिलीत येण्याचा प्रश्न तेव्हाच बराचसा सुटला. मुलं गळतात ती पुढे, माध्यमिकला. सरकार दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग शाळेला देतं, निदान कागदावर. प्रत्यक्षात ते उशिरा आणि तुकड्यातुकड्याने येतात. निवासी शाळेची फी मात्र पालकाच्या माथी: साध्या शाळेला वर्षाला ४०,५३५, नामांकित शाळेला ५३,५५४. रुपयाला दीड शिलिंगपेक्षा थोडे कमी मिळतात असा हिशोब धर. त्यावर गादी, पत्र्याची पेटी, गणवेश, बूट, साबण. फी थकली की मूल घरी पाठवतात. आठवडा जातो, मग महिना, आणि मग ते परत येत नाही. येत्या जानेवारीत नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी दहावीत जाते आहे, म्हणजे नव्या शाळा आणि खर्चाच्या नव्या याद्या. आईबाप आत्तापासूनच धास्तावलेत.

मग तू म्हणशील, सरळ फी भरू. भरूच. पण नुसती फी भरून भागत नाही, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे.

व्हिक्टोरिया सरोवराकाठी ‘जाबोया’ चालतो हे तुला माहीत आहे. मासे विकायला घेणाऱ्या बाईला मच्छीमाराची मर्जी राखावी लागते, आणि त्या मर्जीचा अर्थ काय हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. हीच रीत आता रस्त्यावर आली आहे. शाळा घरापासून सहा-सात किलोमीटर. बोडाबोडावाला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाला, फुकट सोडतो, आज चपाती घेऊन देतो, उद्या पॅडचं पाकीट. पोरगी पंधराची, तो तिशीचा. सरकारने पॅडवरचा कर २००४ मध्ये काढला, २०१७ मध्ये शाळेत पॅड फुकट द्यायचा कायदाही केला. तरी महिन्याच्या त्या चार दिवसांत कुणाकडे हात पसरायचा हा प्रश्न कित्येक घरांत तसाच आहे. अशा मुलीची मी वर्षाची फी भरली आणि मे महिन्यात तिला दिवस गेले, तर त्या पावतीचं काय करू?

पास्कलीन डुपा नावाच्या फ्रेंच अर्थतज्ज्ञ बाईंनी पश्चिम केनियात केलेलं एक काम मी भेटेल त्याला ऐकवतो, आज तू सापडलास. शाळेतल्या एड्सच्या सरकारी धड्यात मुख्य उपदेश संयमाचा. शिक्षकांना त्याचं खास प्रशिक्षण देऊन पाहिलं, मुलींच्या गर्भारपणावर काडीचा परिणाम नाही. मग दुसऱ्या काही शाळांत आठवीच्या वर्गावर बाहेरचं माणूस पाठवलं. चाळीस मिनिटं, एक छोटी फिल्म, आणि फळ्यावर आकडे: कोणत्या वयाच्या किती पुरुषांना एचआयव्ही आहे. आकडे आपल्या किसुमूचेच. पोरींनी स्वतःच पाहिलं की वर्गातल्या पोरापेक्षा तो मोबाइलवाला, पैसेवाला काका कितीतरी धोक्याचा. कुणी नीतीचं व्याख्यान दिलं नाही. त्या शाळांत मुलींची गर्भारपणं २८ टक्क्यांनी घटली.

म्हणजे उपदेश करणारे इथे चिक्कार आहेत. खरं आणि कामाचं सांगणारं माणूस हवं. ते चाळीस मिनिटांसाठी आलं तरी एवढा फरक, मग तेच माणूस गावात राहणारं, रोज भेटणारं असेल तर?

याचं उत्तर झिम्बाब्वेत आहे. अॅन कॉटन ही वेल्सची बाई १९९१ मध्ये करिबा धरणाजवळच्या मोला गावी गेली. तिथले टोंगा लोक धरणाने उठवलेले, कोयनेच्या आपल्या माणसांसारखे. मुली शाळेत का नाहीत ते शोधायला ती गेली होती. बाहेरचे सगळे सांगत की तिथली रूढीच तशी. गावकरी म्हणाले, फीला पैसे नाहीत; एकालाच शिकवायचं तर मुलाला शिकवतो, नोकरी लागली तर त्यालाच लागेल. बाईने केंब्रिजला परत येऊन बाजारात केक विकून पैसे जमवले आणि १९९३ मध्ये ३२ मुलींपासून कॅमफेड ही मुलींच्या शिक्षणाची संस्था सुरू झाली.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही संस्थेची असते. मला आवडतं ते पुढचं. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी १९९८ मध्ये आपली संघटना केली. त्यांच्यातल्या काही जणी गावच्या शाळेत परत जाऊन आठवड्याला तास घेतात. त्या तासात अंगावर आलेल्याला नाही कसं म्हणायचं, अभ्यास कसा लावून घ्यायचा, पैसे कसे बाजूला टाकायचे, दवाखान्यात कुणाला विचारायचं हे सगळं येतं. मुलगी चार दिवस दिसली नाही तर घरी जाऊन चौकशी. बदल्यात त्यांना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं. व्याज म्हणून त्यांनी द्यायचा तो हा वेळ. पहिल्या ३२ जणींतली अँजेलिन मुरिमिर्वा आज अख्ख्या संस्थेची प्रमुख आहे. बाहेरून कुणी साहेब आणावा लागला नाही.

युगांडात ब्रॅक या बांगलादेशी संस्थेनेही असंच केलं, २००८ पासून. गावात मुलींसाठी एक खोली, दुपारनंतर आठवड्याचे पाच दिवस उघडी, आणि गावातलीच वयाने थोडी मोठी मुलगी त्यांची ताई. खेळ, गप्पा, शरीराविषयी स्पष्ट बोलणं, जोडीला शिवण, केस विंचरायचं काम, कोंबड्या. चार वर्षांनी मोजलं तर लहान वयातली गर्भारपणं तिसऱ्या हिश्शाने कमी, कमावत्या मुली वाढलेल्या. टांझानियात तेच हात आखडून केलं तेव्हा फारसं काही हाती लागलं नाही. मला यात नवल वाटत नाही. आपल्या साखरशाळांचं काय होत होतं? शेड असायची, पोरं असायची, पण गुरुजीला मानधन असेल त्या हंगामात शाळा चालायची.

नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत १९८७ पासून फुटबॉलच्या जोरावर चाललेलं काम तू पाहिलंच आहेस. गल्लीतला कचरा उचलला की संघाला लीगमध्ये गुण मिळतात, आणि चांगलं नेतृत्व करणाऱ्या पोराच्या शाळेत फीचे पैसे थेट जमा होतात, त्याच्या हातात नाही. तिथेही वरच्या गटातलं पोर खालच्या गटाला सांभाळतं.

एक गंमत सांगतो. वर्ग कुठलाही असो, ज्याला जेवढं वाचता येतं तिथून शिकवायला सुरुवात करायची, ही माधव चव्हाणांच्या ‘प्रथम’ संस्थेची रीत. मुंबईच्या वस्त्यांतून निघालेली ही रीत आता झांबियाच्या सरकारी शाळांत चालते. बोट्सवानात ती शिकवायला राष्ट्रीय सेवेतली तरुण पोरं जातात. तेव्हा आपल्याकडचं काही इकडे यायचंच असेल तर ते असं येऊ दे. संगमरवर इथेही मिळतो.

आता घाई कशाला, ते सांगतो. अमेरिकेने जानेवारीत मदत गोठवली आणि १ जुलैला आपली परदेशी मदतीची संस्था यूएसएड बंदच केली. इथल्या मुलींसाठी ‘ड्रीम्स’ नावाचा त्यांचा मोठा कार्यक्रम होता. फी, सुरक्षित जागा, ताई, तपासणी, सगळं एका छत्राखाली. आमच्या भागातल्या ताया एका आठवड्यात घरी बसल्या. शिकवलेल्या, सवय झालेल्या, पोरींनी आपल्या मानलेल्या. काही जणी अजूनही स्वतःच्या खर्चाने रविवारी मुलींना जमवतात, पण त्यांनाही पोट आहे. ब्रिटननेही मदतीला कात्री लावायचं जाहीर केलं आहे. ही पोकळी आपल्या सहा लाखांनी भरायची नाही, तेवढं मला कळतं. पण एका वॉर्डापुरती दोन ताया टिकवता येतात.

म्हणून माझा प्रस्ताव असा. पैसे एकरकमी पाठवू नकोस. पाच वर्षांत वाटून पाठव. त्यातला मोठा भाग दोन तायांच्या मानधनाला. महिन्याला प्रत्येकी पाच-सहा हजार शिलिंग म्हणजे पूर्ण पगार नव्हे, पण आठवड्यातल्या तीन दुपारी त्यांना दुसरीकडे मजुरीला जावं लागणार नाही. उरलेल्यात एक अडीअडचणीची पेटी: परीक्षेची फी, बूट, पॅड, दवाखान्याचं भाडं. ही रक्कम तायांनी ठरवून द्यायची, आपल्याला विचारत बसायचं नाही. पावत्या आणि हिशोब मी दर सत्राला तपासेन. आणि बाळंतपणानंतर शाळेत परत येऊ पाहणाऱ्या मुलींना प्राधान्य. १९९४ पासून सरकारी धोरणाने त्यांना परत यायची मुभा आहे, पण बाळ कुणाकडे ठेवायचं हे धोरणात लिहिलेलं नाही. शेजारच्या म्हातारीला थोडे पैसे दिले तर ती सांभाळते. इतकी साधी गोष्ट, पण कुठल्याच देणगीदाराच्या अर्जात तिला रकाना नसतो.

एकच मुलगी दत्तक घेऊन तिचा फोटो आणि वर्षाला एक पत्र, असाही एक मार्ग तू विचारला होतास. मला तो नको वाटतो. त्या पोरीला वर्षभर आभार मानण्याची नोकरी लागते, आणि बाकावर शेजारी बसलेली, तितकीच गरीब, नुसती बघत राहते.

वहिनींचं नाव कुठे, असं विचारशील. क्वार्टर्सच्या व्हरांड्यात वहिनी आयाच्या मुलीला मापाची टेप हातात देऊन बेरीज-वजाबाकी शिकवायच्या, चुकलं की मराठीतून रागवायच्या. ती आज अहेरोच्या बाजारात शाळेचे गणवेश शिवते, दोन मशीनं आहेत. तायांपैकी एक तीच असावी असं माझ्या मनात आहे. मी अजून तिला बोललो नाही, तुझा होकार आल्यावर बोलेन.

आता कागदपत्रं. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०-जी ची सवलत मिळत नाही, तेव्हा सीएला उगाच पिडू नकोस. तुझ्या मुलाच्या कंपनीच्या सीएसआरमधूनही (सामाजिक कामाच्या निधीतून) जमणार नाही. तो पैसा भारतातच खर्चावा लागतो. स्वतःच्या खात्यातून एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली पाठवता येतो: बँकेत ए-टू फॉर्म, पॅन, आणि कारणाच्या जागी ‘देणगी’. वर्षाला दहा लाखांच्या आत आहेस, त्यामुळे टीसीएस (आगाऊ कर) कापणार नाहीत. शाखेतल्या मुलाने याआधी केनियाला पैसे पाठवले नसतील, तो घाबरेल, तू घाबरू नकोस. इथली संस्था लोकहित संस्थांच्या नव्या पीबीओ कायद्याखाली रीतसर आहे की नाही ते मी बघतो. माझ्या किंवा कुणाच्या खासगी खात्यावर, किंवा एम-पेसावर (मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर), एक रुपया पाठवायचा नाही, मी मागितला तरी.

शाळा जानेवारीत उघडतात. पहिला हप्ता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे पोचायला हवा, म्हणजे तुझं उत्तर मला दिवाळीआधी हवं. आणि तुला यायचं असेल तर फेब्रुवारीत ये, पण तायांना आधी कामाला लागू दे, लगेच पाहुणा म्हणून समोर उभा राहू नकोस. येताना थालीपिठाची भाजणी आण, इथल्या दुकानातली जुनी असते.

तुझा,
दिलीप