मनूस पत्र : शिकवण्याचे विषय सोडू नकोस

सांगली

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, पुढच्या सत्रापासून संगीत शिकवण्याचे विषय सोडून नुसतं वादन घेणार. रियाजाला वेळ पुरत नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्ही सांभाळायचे, बाराही पट्ट्यांत हात बसवायचा, रेकॉर्ड ऐकून अख्खा सोलो कानाने उतरवायचा, वर बिग बँडच्या, म्हणजे त्या मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या, तालमी. त्यात वर्गव्यवस्थापन आणि पाठनियोजनाचे पेपर म्हणजे ओझंच. बाबांना त्या विषयांत शाळेतली पक्की नोकरी दिसते, आणि ते चूक नाहीत. पण माझं कारण वेगळं आहे. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. ट्रम्पेट वाजवणारा तो शाळकरी मुलगा ब्लूजमध्ये, तुमच्या त्या बारा घरांच्या आवर्तनात, सारखा हरवत होता. तू त्याला वाद्य खाली ठेवायला लावलंस आणि बोटांची पेरं मोजायला शिकवलीस. चार बोटांची वरची चार पेरं म्हणजे पहिली ओळ, मधली चार म्हणजे दुसरी, खालची चार म्हणजे तिसरी. एका पेरावर चार मात्रा, बारा पेरांवर अठ्ठेचाळीस. पाचव्या पेरावर षड्जाची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सोडून मध्यमाची, नवव्यावर पंचमाची. तिसऱ्या फेरीला पोरगा अंगठा पेरांवर सरकवत गुणगुणायला लागला, आणि नवव्या पेराशी आल्यावर त्याने तुझ्याकडे असं पाहिलं की मी इथे टाळी दिली! हे तुला कुठल्या पुस्तकात मिळालं? माझ्या क्लासात बसून तू पेरांवर मात्रा मोजायचीस, ते तिकडे ब्लूजला जाऊन बसलं. नुसतं वाजवत राहिली असतीस तर ते तुला सुचायचं कारणच नव्हतं.

तुझ्याच डेंटनच्या विद्यापीठाने 1947 साली जॅझची पदवी सुरू केली, अमेरिकेतली पहिली. तेव्हा जॅझ हा शब्द प्रतिष्ठितांना चालत नव्हता, म्हणून विषयाला ‘डान्स बँड’ म्हणाले. आपल्याकडे तरी काय होतं? गाणं दरबारात आणि कोठ्यांवर, चांगल्या घरातल्या पोरांनी त्याच्या वाटेला जायचं नाही. मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणून आज माझ्याकडे भाजीवाल्यांची मुलगी प्रवेशिका परीक्षेला बसते. दोन्हीकडे कुणीतरी वर्ग घ्यायला उभं राहिलं, तेव्हा कुठे हे संगीत सगळ्यांच्या पोरांपर्यंत पोचलं.

‘ज्यांना वाजवता येत नाही ते शिकवतात’ असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात ना? मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात तू गाणं ऐकत मोठी झालीस. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गातात, त्यांनी स्वतः विद्यालय चालवलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल. खाँसाहेबांना गाता येत नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि तुला पहिल्यांदा क्लॅरिनेट हातात देणारे बँडवाले आजोबा? वराती वाजवून थकून आलेले असायचे, तरी तुझी फुंक सरळ होईपर्यंत उठायचे नाहीत.

तेव्हा माझं ऐक. एखाद्या सत्रात एक बँड कमी कर, पदवीला सहा महिने जास्त लागू देत, पैशाचं आम्ही बघू. वादन कमी कर असं मी कधीच म्हणणार नाही. शिकवण्याचे विषय मात्र सोडू नकोस. सल्लागार प्राध्यापकांशी बोल आणि अर्ज भरायच्या आधी मला फोन कर.

शनिवारच्या मुलांना मीही ब्लूज शिकवणार आहे, पेटीवर. तुमचा बी-फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच, मुलांच्या गळ्याला सोयीची. पण चौथ्या पेरावर तू कोमल निषाद लावतेस तो नेमका किती वेळ धरायचा, ते मला व्हिडिओवरून कळलं नाही. सावकाश वाजवून पाठव.

तुझी,
आई