आपल्या गावची फायबर लाइन : गावकरी आणि चाकरमानी मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपतीत देवळासमोरच्या सभेत ज्या विषयावर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं, तो गावकीने आता हाती घेतला आहे. सगळ्या वाड्यांना जोडणारी इंटरनेटची फायबर लाइन, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, गावाने स्वतः टाकायची आणि गावाच्याच मालकीची ठेवायची. त्यासाठी आपली मदत हवी आहे. पैशांची तर हवीच, पण त्याआधी सह्यांची.

ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेची सरकारी फायबर कचेरीपर्यंत आली, तिथून वाड्यांवर काही पोचली नाही. एका खासगी कंपनीची माणसं पाहणी करून गेली आणि घरं लांब लांब आहेत, परवडत नाही, असं कळवून मोकळी झाली. वरच्या वाडीला केबलवाल्याने लाइन दिली ती आंब्या-फणसांवरून ओढत. पहिल्या वादळात फांदी पडली की लाइन गेली. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत लावणी उरकते, बिल मात्र चालूच. रेशन दुकानात अंगठ्याच्या मशीनला रेंज मिळत नाही, म्हणून दुकानदार ते पिंपळाच्या पारावर नेतो. भर पावसात म्हातारी माणसं एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताचा ओला अंगठा पुन्हा पुन्हा पुसत तिथे उभी असतात. ही आपलीच आई-आजी आहे.

कंपनी नफा बघणारच. पण आपण तिच्या हिशोबात कधी बसतो याची वाट बघत राहायचं कारण नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या डोंगराळ भागात हीच अडचण होती. तिथल्या लोकांनी २०११ साली ‘बी फोर आर एन’ ही संस्था काढली. लोकांनी संस्थेचे भाग घेतले, शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून चर न्यायला फुकट परवानगी दिली आणि पुष्कळ ठिकाणी चरही स्वतःच खणले. घरोघरी सेकंदाला १ गिगाबिट वेग मिळाला, डाउनलोडला आणि अपलोडलाही, महिना ३० पौंडांत. कंपन्यांनी नाही म्हटलेल्या गावांत हे झालं.

आपल्याकडचं एक उदाहरणही सभेत निघालं आणि ते विसरून चालणार नाही. नगर जिल्ह्यातल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने कित्येक वर्षं खेडोपाडी वीज पुरवली, पण थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ मध्ये काम महावितरणकडे गेलं. म्हणून इथे उधारी नाही, मानकऱ्यांनासुद्धा नाही. महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि हिशोब दर शिमग्याला सहाणेवर वाचायचा.

इंटरनेट विकायचा परवाना गावाकडे नाही, तो असलेल्या कंपनीशी करार करू. लाइन आपली, ती वापरायचं भाडं कंपनीने द्यायचं. सेवा नीट दिली नाही तर कंपनी बदलायची, जमिनीतली लाइन जागची हलत नाही. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. उद्या कोणी फुकट जोडणीचं आमिष घेऊन आलं तरी लाइनची मालकी सोडायची नाही.

मुख्य मशीन शाळेत, बॅटरीवर राहील. तिथून निघालेला एक तंतू स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या छोट्या डबीतून, ३२ घरांना वाटता येतो आणि वाटेत कुठेही वीज लागत नाही. केबल धातू नसलेलीच घेणार, म्हणजे आपल्याकडच्या विजा-गडगडाटात ती जळायची भीती नाही. सड्यावरचा कातळ फोडणं खर्चिक आहे, म्हणून केबलचा पाइप शक्यतो शेताच्या बांधाकडेने न्यायचा. भातकापणी झाली की जमीन मऊ असते. काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी चर बुजवायचे आहेत.

आता सह्यांचं. बांधाकडेच्या बहुतेक जमिनींचे सातबारे सामायिक आहेत. एकेका उताऱ्यावर चुलत, सख्खी, माहेरवाशिणी अशी सगळ्यांची नावं, आणि निम्मी माणसं परळ, विरार, डोंबिवलीला. एक सही राहिली तर चर तिथेच थांबतो. जमीन कोणाची जाणार नाही, हिस्सा बदलणार नाही. हातभर रुंदीचा चर खणून पुन्हा बुजवायची ही फक्त संमती आहे. भावकीत वाद असेल तर तो खुशाल तसाच राहू द्या, पण सही द्या. संमतीपत्रं मुंबई मंडळाच्या मासिक बैठकीत मिळतील.

वर्गणी घरटी ५,००० रुपये ठरली आहे, दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. गावात राहणाऱ्या ज्यांना पैसे जमणार नाहीत, त्यांनी चराच्या कामाला यावं. श्रमदानाची नोंद वर्गणी म्हणूनच होईल आणि पावतीही मिळेल. गावातली जी मुलं टेलिफोन किंवा केबलच्या कामात आहेत, त्यांनी फायबर जोडणीच्या कामासाठी चार दिवसांची रजा काढून यावं, ही खास विनंती. आलेली दरपत्रकं देवळातल्या फलकावर लावू, ती कोणीही तपासावीत. पैसे फक्त मंडळाच्या बँक खात्यात किंवा खजिनदारांकडे पावती घेऊनच द्यावेत.

संमतीपत्रं दसऱ्यापर्यंत हातात यायला हवीत. पाइपची मागणी त्यानंतरच नोंदवता येईल.

आपले,
ग्रामविकास मंडळ (ग्रामीण व मुंबई)