पहिल्या बेसवरचा निकाल पंच कानाने देतात

संपादक महोदय,

पावसाळा सरत आला की शालेय स्पर्धांची धांदल सुरू होते. जिल्ह्यात जिंकलेला संघ कोल्हापूर विभागात जातो, तिथून राज्यावर. आपल्या सातारा-सांगलीकडे बेसबॉलचे संघ मोजकेच, त्यामुळे दोन-तीन सामन्यांत मुलांचं वर्षभराचं गणित ठरतं. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण पालकांच्या डोक्यात असतं, आणि ते असणारच. पण त्या सगळ्या ताणाचा भार मैदानातल्या दोन-तीन पंचांवर येऊन पडतो. हे पंच बहुतेकदा कालपरवापर्यंत हाच खेळ खेळलेली विशीतली मुलंमुली असतात. ‘पंच मॅनेज झालाय’ असं शंभर माणसांदेखत ऐकावं लागलं की त्यातली चांगली मुलं पुढच्या वर्षी बोलावूनही येत नाहीत.

यातला बराचसा आरडाओरडा दुष्टपणाने होत नाही. डोक्यात क्रिकेटचे नियम असतात आणि समोर बेसबॉल चाललेला असतो. पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, चेंडू बॅटरच्या बोटांवर बसला की कडेने ओरड होते, ‘हात बॅटचाच भाग आहे!’ क्रिकेटमध्ये बॅट धरलेला ग्लोव्ह बॅटच समजला जातो, हे खरं. बेसबॉलमध्ये हात म्हणजे शरीर. बॅटर चेंडू चुकवत असताना हाताला लागला तर खेळ तिथेच थांबतो आणि त्याला पहिला बेस, म्हणजे धावण्याच्या वाटेवरचा पहिला थांबा, मिळतो; त्याने बॅट फिरवली असेल तर स्ट्राइक धरला जातो (असे तीन झाले की बॅटर आउट). रेषेचंही तसंच. क्रिकेटमध्ये बॅट क्रीजच्या रेषेवरच असेल तर ती आत धरत नाहीत आणि चेंडू सीमारेषेला टेकला की चौकार होतो. बेसबॉलमध्ये फाउलची, म्हणजे खेळाची हद्द दाखवणारी, रेषा मैदानाचाच भाग आहे, रेषेच्या फक्कीवर पडलेला चेंडू फेअर, म्हणजे आतला. शिवाय चेंडू आत की बाहेर हे चेंडूच्या जागेवरून ठरतं, क्षेत्ररक्षकाचे पाय कुठे होते त्यावरून ठरत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती इनफिल्ड फ्लायवर. दोनपेक्षा कमी आउट आहेत, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर आहेत, आणि बॅटरने उंच उडवलेला चेंडू इनफिल्डरला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला, सहज झेलता येण्याजोगा आहे. अशा वेळी चेंडू हवेत असतानाच पंच हात वर करून बॅटरला आउट देतात. मग झेल सुटला तरी बॅटर आउटच. ‘कॅच तर सुटला!’ म्हणून पालक उठतात ते इथेच. पण हा नियम फलंदाजी करणाऱ्या संघाच्या बाजूचा आहे. तो नसता तर क्षेत्ररक्षकाने चेंडू मुद्दाम खाली टाकला असता (चेंडू पडला की रनरना पुढच्या बेसकडे पळावंच लागतं), आणि झेलाच्या भीतीने बेसला चिकटून राहिलेले दोन रनर आयते आउट झाले असते.

कडेला बसून काय दिसतं आणि काय दिसत नाही, हेही पालकांना कोणीतरी सांगायला हवं. बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती होम प्लेट १७ इंच, म्हणजे जेमतेम ४३ सेंटिमीटर रुंद. तिच्यावरून, गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीपासून खांदा आणि कंबरपट्टा यांच्या मध्यापर्यंतच्या उंचीतून चेंडूचा कोणताही भाग गेला तर स्ट्राइक. तिसऱ्या बेसच्या कडेला बसलेल्याला उंची थोडीफार कळते, आत-बाहेर अजिबात कळत नाही. जाळीमागे उभा असलेल्याला आत-बाहेर कळतं, पण उंची फसवते. चेंडू प्लेटवरून गेला तो क्षण मोजायचा असतो. खाली वळणारा चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरने घोट्याजवळ पकडला म्हणून तो ‘बॉल’, म्हणजे स्ट्राइकच्या हद्दीबाहेरचा, ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम दिसतील अशी जागा एकच, कॅचरच्या मागे बॅटरच्या बाजूची. तिथे मुखवटा आणि छातीचं पॅड घालून, १४२ ते १४९ ग्रॅमचा कडक चेंडू अंगावर येत असताना पंच वाकून उभे असतात.

पहिल्या बेसवर तर डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचा. रनरचा पाय जमिनीवर, चेंडू छातीच्या उंचीला. दोन्हीकडे एकाच वेळी बघता येत नाही. म्हणून चेंडू फेकला गेला की पंच नजर बेसवर रोखतात आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा ‘थप्’ आवाज ऐकतात. पाय आधी की आवाज आधी, एवढाच प्रश्न. नेमक्या त्याच क्षणी मागून शिट्ट्या आणि हलगी वाजली तर निकाल चुकण्याची शक्यता आपणच वाढवतो, आणि त्यातलं नुकसान आपल्याही मुलाचं होऊ शकतं. वाजवायचं असेल तर दोन डावांच्या मध्ये खुशाल वाजवा. आयोजकांनी पहिल्या बेसच्या कडेला आणि होम प्लेटच्या मागे फक्कीची एक रेषा मारून प्रेक्षक किमान १० मीटर लांब ठेवावेत. खर्च एका पोत्याचाही नाही.

आता प्रशिक्षकांविषयी. स्ट्राइक-बॉल, आउट-सेफ, फेअर-फाउल हे पंचांच्या नजरेचे निकाल. त्यावर हरकत घेता येत नाही, असं नियमच सांगतो. नियम चुकीचा लावला गेला असं वाटलं, तर मात्र विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्याची रीत अशी: चालू खेळ थांबू द्यावा, टाइम मागावा, चालत जावं, आणि ज्यांनी निकाल दिला त्याच पंचांना विचारावं. पुढचा पिच, म्हणजे पिचरचा पुढचा चेंडू, पडायच्या आत हे व्हायला हवं. दुसऱ्या पंचाकडे जाऊन ‘तुम्हाला काय दिसलं?’ असं विचारायचं नाही. सहकाऱ्याचं मत घ्यायचं की नाही, हे निकाल देणारे पंच ठरवतात. प्रश्न एका वाक्यात मांडावा: ‘सर, चेंडू मैदानाबाहेर गेला, रनरला दोन बेस का नाहीत?’ मुलं डगआउटमध्येच, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतच, राहतील. पालकांपैकी कोणीही आत येणार नाही.

वेळेवर विचारणारा माणूस संघाजवळ असणं किती मोलाचं असतं, ते या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकले, त्या स्पर्धेत एक कुस्ती संपताच त्यांना दुसऱ्या कुस्तीला उभं केलं गेलं. मध्ये ३० मिनिटांच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून द्यायला आपला कोणी अधिकारी तिथे नव्हता. प्रशिक्षकाने नियमपुस्तिका खिशात ठेवावी ती यासाठी.

काही सवयी मात्र सरावातच मोडाव्या लागतात. पंचांनी ‘बॉल’ दिल्यावर कॅचर ग्लोव्ह तसाच तीन सेकंद धरून ठेवतो. बॅटर स्ट्राइक मिळाल्यावर बॅटच्या टोकाने मातीत रेघ ओढून चेंडू किती बाहेर होता ते दाखवतो. तोंडातून शब्द निघत नाही, पण सगळ्या मैदानाला कळतं की पंचांना खोटं पाडलं जातंय. हे मोठ्यांचे सामने मोबाइलवर बघून उचललेलं असतं. सरावात असं दिसलं की त्या मुलाला लगेच थांबवावं, आणि पुढच्या सराव सामन्यात दोन डाव त्यालाच मुखवटा घालून पंच म्हणून उभं करावं. वीस-पंचवीस पिच जोखले की कुठलीही काठावरची स्ट्राइक सोपी वाटत नाही.

शाळांनी पहिल्या सामन्याआधी पालकांना अर्धा तास बोलवावं. वरचे तीन-चार नियम सांगावेत, एका पालकाला गळ्यात ओळखपत्र देऊन कडेच्या प्रेक्षकांची जबाबदारी द्यावी, आणि तक्रार असेल तर ती दुसऱ्या दिवशी लेखी घेतली जाईल असं स्पष्ट सांगावं. रात्र उलटली की निम्म्या तक्रारी कागदावर येतच नाहीत. आयोजकांनी पंचांसाठी सावली, पिण्याचं पाणी आणि कपडे बदलायला खोली एवढं तरी ठेवावं. मुली पंच म्हणून येतात तिथे तर हे आधी.

आणि एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. ‘पंचांच्या चुकीमुळे पराभव’ अशी ओळ एका बाजूच्या सांगण्यावरून छापू नये. निकाल वादग्रस्त वाटला तर मुख्य पंचांना विचारून संबंधित नियम दोन ओळींत द्यावा. विजयी संघाबरोबर पंचांचीही नावं बातमीत यावीत. नाव छापून आलेलं कात्रण घरी दाखवणारी पोरं पुढच्या हंगामात पुन्हा मुखवटा घालायला येतील.

आपला,
एक बेसबॉल पंच, सातारा