परराष्ट्र मंत्र्यांना खुलं पत्र: माझ्या मुलासाठी कोण बोलणार?

माननीय परराष्ट्र मंत्री महोदय,

मी गोव्यातल्या डिचोलीची. माझा मुलगा इंग्लंडात स्विंडनला गोदामात नाईट शिफ्ट करतो. गेल्या आठवड्यात बसस्टॉपवर चार पोरांनी त्याला घेरलं, इंडियन आहेस, तुझ्या देशात जा म्हणून ढकललं, त्यात हात मोडला. एजन्सीने काय केलं, तर त्याच्या शिफ्टच काढून घेतल्या. आपल्या तिथल्या कचेरीत फोन केला तर पहिला प्रश्न पासपोर्ट कुठला. पोर्तुगीज म्हटल्यावर म्हणे तो आमचा नागरिक नाही. साहेब, मारणाऱ्यांनी पासपोर्ट नाही बघितला, रंग बघितला!

तो हौसेने गेला नाही. 2012 ला खाणी बंद पडल्या, 2018 ला परत, आमचा खनिज वाहणारा ट्रक दारात गंजला पण बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत. सरकारी नोकरीसाठी फॉर्म भरून थकला, आणि 2024 मध्ये नोकरीच्या नावाने पैसे घेणाऱ्यांना अटक झाली तेव्हा आम्हाला कळलं त्याचा नंबर का लागत नव्हता. सासऱ्यांचा जन्म 1961 च्या आधीचा, गोवा पोर्तुगालकडे होता तेव्हाचा, म्हणून लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज कागद काढले आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायच्या आधी, 2019 ला तो गेला. वाड्यावरची निम्मी पोरं अशीच गेलीत.

परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचा, म्हणजे परत दिल्याचा दाखला लागतो, आणि याचा भारतीय पासपोर्ट तर इथे रद्दच केला, मग दाखला कुठून आणणार? 2024 च्या एप्रिलात, लोकसभेच्या मतदानाला महिना असताना, हा प्रश्न सुटला म्हणून सांगितलं, पेपरात मोठ्या बातम्या आल्या. आमचं कार्ड अजून आलं नाही. मतदार यादीतून नाव उडवायला मात्र कोणाला उशीर झाला नाही.

2025 च्या ऑगस्टात आयर्लंडात भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा डब्लिनच्या दूतावासाने निदान निर्जन जागी जाऊ नका एवढी सूचना तरी काढली. आमच्या पोरांसाठी तेवढंही नाही. 9 जानेवारीच्या प्रवासी भारतीय दिवसाला दुसऱ्या देशाचे पासपोर्टवाले भारतीय वंशाचे मोठे लोक बोलावून तुम्ही सन्मान देता, तेव्हा वंश चालतो, मग गोदामात खोके उचलणाऱ्याचा का चालत नाही? इथे गोव्यात बाहेरून आलेल्या मजुरांना घाटी म्हणून हिणवतात तेही मला खपत नाही, गरीब कुठेही गेला तरी त्याचा कागद आधी आणि माणूस मागाहून, हीच तुमची सगळ्यांची रीत झालीय.

मला माझ्या मुलाचं कार्ड द्या, आणि तुमच्या कचेरीने तिथल्या पोलिसांना त्याच्या केसबद्दल लेखी विचारावं. उत्तर मलाही लेखीच पाहिजे.

एक आई, डिचोली